तुझ्या सुया मी जाळल्या

मंगेश,

योग्य वेळ आली की तुला सांगीन, असं म्हणता म्हणता मी सात वर्षं काढली. तुला जाऊन आता दोन महिने होत आले, आणि आज कागद घेऊन बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं चांगलं लिहितात. तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं चांगलं पुष्कळ आहे, तेही लिहीन. पण आधी मी काय केलं ते.

बाबांची जमीन खाणीत गेली तेव्हा तू दहावीत होतास. बाबा गेले आणि तू माजरीला कंत्राटदाराच्या टिप्परवर चढलास. मी नवरा वारल्यावर माहेरी परत आले होते, अंगणवाडीत लागले होते. घरात माय, तू आणि मी. दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं, भिंती हादरतात, अंगणवाडीतली लहान पोरं रडायला लागतात. तुझी पाळी नसली की तू भोंगा ऐकून दारात येऊन उभा राहायचास. "मोजा रे सारे! एक, दोन, तीन..." पोरं मोजायची, बार उडायचा, आणि तू म्हणायचास, "पाहा, पळाला नं भिऊन!" अजूनही ती पोरं मोजतात. कोणी शिकवलं ते त्यांना आठवत नाही.

दारूबंदीच्या वर्षांत सारं गाव चोरून प्यायचं. तू थेंबाला शिवला नाहीस. मला त्याचा केवढा तोरा! चार बायांत मी बोलायचे, "आमचा मंग्या सुपारीसुद्धा खात नाई." कंबरदुखीचं मात्र मी मनावर घेतलं नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर बारा-बारा तास टिप्पर हाकायचास, उतरलास की भिंतीला धरून सरळ व्हायचास. कोणीतरी तुला दुखण्याचं इंजेक्शन टोचलं, आणि त्या दिवशी तू गाणं म्हणत घरी आलास. मला वाटलं, पोराचं अंग मोकळं झालं. मीच त्या टोचणाऱ्याला मनातून आशीर्वाद दिला होता.

पुढे तेच इंजेक्शन तुम्ही ड्रायव्हर स्वतःच टोचून घ्यायला लागलात हे मला कळायला दोन वर्षं गेली. खाणीवरच्या वजनकाट्यामागे तुम्ही तीन-चार जण बसायचात. त्यात आपल्या गल्लीतला संज्या होता, तुझ्यासोबत शाळेत गेलेला. एक बाटली, एक सुई, फिरत फिरत सगळ्यांची. मला काय दिसत होतं? मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. ताटावर बसल्या बसल्या लागणारी डुलकी. सारखं नाक खाजवणं. अंगणवाडीत मी पोरांची वजनं घेते, कोणतं पोर सुकून राहिलं ते बायांना सांगते. माझ्या घरातलं मला दिसलं नाही.

मग तांदळाच्या ड्रममागे ती थैली सापडली. नव्याकोऱ्या सुया, एकेक वेगळ्या कागदात बंद, कापूस, आणि एक घडी केलेला कागद. मी तो वाचला. एकमेकांची सुई वापरू नका, एच.आय.व्ही. होतो, वापरलेल्या सुया परत आणून द्या, नव्या घेऊन जा. मंगेश, मला वाचता येत होतं, तरी मी ते असं वाचलं की कोणीतरी माझ्या भावाला मरायचं सामान घरपोच देऊन राहिलं आहे.

परसात पाणी तापवायच्या चुलीत कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या पेटल्या होत्या. सगळी थैली त्यात घातली. प्लास्टिकचा काळा धूर निघाला. मायनं घरातून विचारलं, "काय जळून राह्यलं वं?" मी म्हटलं, "दुधाच्या पिशव्या."

संध्याकाळी तू आलास आणि शोधायला लागलास. ड्रम सरकवला, गादी झटकली, माळ्यावर हात फिरवला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"काय हरवलं?"

"काई नाई, बाई."

एवढंच. तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तू चपला घालून बाहेर गेलास. कुठे गेलास, आणि ज्याच्याकडे गेलास त्याच्याजवळ किती सुया होत्या, हे मला आता ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तो दिलीपभाऊ आला. स्कूटीला झोळी लावून गावोगाव हिंडणारा, वाळका, समोरचे दोन दात पडलेला. लोक त्याला सुईवाला म्हणायचे. मी त्याला दारातच अडवलं.

"तुम्हीच नं माह्या भावाले सुया वाटता?"

"हाव, बाई. मीच."

"लाज नाई वाटत?"

"मीबी टोचतच होतो, बाई. आठ वर्षं." त्यानं बाही वर केली. हातभर काळे डाग होते. "त्याले सोडायचं हाय, पन आज सुटून नाई राह्यलं. तो टोचनारच. आज सुई नवी असली, तर उद्या सोडायले तो जित्ता राहीन. बस, एवढंच माह्यं काम."

"तुमचं काम तुमच्या गावात करा. इथी पाय ठेवला तर पोलीस पाटलाले सांगीन."

तो हात जोडून गेला. मी तरीही पोलीस पाटलाला सांगितलं. चार माणसं फाट्यावर उभी राहिली आणि स्कूटी परत फिरवली. त्यानंतर तो आपल्या गावात आला नाही. मला छाती फुगवून हिंडावंसं वाटत होतं. बचत गटाच्या बायांनी माझं कौतुक केलं. हेही तुला सांगायचं राहिलं, की त्या कौतुकाची मला गोडी लागली होती.

तू सोडलंस ते तुझं तू. दोन-अडीच महिन्यांनी दिलीपभाऊला गाठायला तू स्वतः शहरातल्या त्यांच्या व्यसनमुक्ती सेंटरवर गेलास. रोज पाळीच्या आधी तिथे जायचं, जिभेखाली तलफ थांबवायची गोळी ठेवायची, विरघळेपर्यंत गप्प बसायचं, मग खाणीवर. पाऊस असो, ऊन असो. वर्षभर तू हे केलंस. अंग भरलं, चेहऱ्यावर पाणी आलं, ताटावरची डुलकी गेली. मायनं देवीला नारळ फोडला. आणि मी? मी सगळ्यांना सांगत सुटले, "मी सरळ केला त्याले." तू ऐकायचास आणि हसायचास. एकदाही माझं बोलणं खोडून काढलं नाहीस.

त्याच वर्षी आरमोरीची मुलगी पाहिली. पाहायला गेलो तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसत होती आणि तू खाली मान घालून पोहे सांडत होतास. साखरपुड्याची तारीख निघाली, साक्षगंधाची साडी तू स्वतः निवडलीस, मोरपंखी. मंडपात तुझ्याकडे पाहून माय रडली. तिसऱ्या दिवशी तू कामावरून आलास, हातपाय धुतले आणि म्हणालास, "लग्न करत नाई मी. त्याइले फोन करून सांगून टाका."

का, म्हणून विचारलं तर गप्प. पोरीत काही खोट? नाही. दुसरी कोणी? नाही. मग? गप्प. माय कपाळ बडवून घेत होती. तिकडून फोनवर पोरीचा बाप ओरडत होता, पोरीची बदनामी झाली म्हणून. मी अंगणात तुझ्यासमोर उभी राहिले आणि जे बोलू नये ते बोलले.

"त्या सुया टोचून टोचूनच मेला असता तर बरं झालं असतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. "तेबी होईन, बाई," म्हणालास.

चार दिवसांनी तू एटापल्लीकडे लोहखनिजाच्या ट्रकवर निघून गेलास. पाच वर्षं फोन यायचा. मायशी बोलायचास. मी फोन घ्यायची नाही.

परत आलास तेव्हा बसमधून उतरलेल्या माणसाला मी ओळखलं नाही. शर्ट हँगरवर लटकावा तसा अंगावर लटकत होता. खोकला थांबत नव्हता. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं, आणि कागद गोळा करताना तुझ्या पिशवीतली जुनी फाइल माझ्या हाती आली. एच.आय.व्ही.च्या तपासणीचा रिपोर्ट. त्यावरची तारीख मी तीन वेळा वाचली. साक्षगंधाच्या नंतरचा तिसरा दिवस.

सेंटरवाले आधीपासून मागे लागले होते, तपासून घे, तपासून घे. तू टाळत होतास. लग्न ठरलं तेव्हा मात्र स्वतःहून गेलास, एकटा. त्या पोरीसाठी गेलास. आणि निकाल घेऊन घरी आलास, हातपाय धुतलेस, आणि सगळ्यांच्या शिव्या अंगावर घेतल्यास.

वॉर्डात मी तुझ्या पायाशी बसून म्हटलं, "मी आरमोरीले जाते. तिच्या बापाले खरं सांगते."

"नाई," तू म्हणालास. "तिले काई सांगू नको. शिव्या देऊन राह्यली तर देऊ दे. उद्या तिच्या सासरी कोनी म्हनलं का त्या पोट्ट्यासंगं हिचं जुळलं होतं, तर?"

तू गेल्यावर एकदा मला ती वडशाच्या बसस्टँडवर दिसली. कडेवर पोर, दुसरं बोटाला. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. तुझा शब्द मी पाळला. ती पोरं धडधाकट आहेत, मंगेश. मोठ्याच्या हातात भोवरा होता.

गोळ्यांवरून तुझं-माझं भांडण मात्र अर्धंच राहिलं. मॅडमनं, म्हणजे तिथल्या समुपदेशक बाईंनी, मला समजावून सांगितलं होतं की एच.आय.व्ही.वरच्या एआरटीच्या गोळ्या रोज घेतल्या तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. काम करतो. लग्नसुद्धा करतो. मला हे ऐकून तुझा राग आला. मी तशीच वॉर्डात आले.

"फुकट भेटत होत्या गोळ्या. काऊन सोडल्या?"

"लाइनीत ओळखीचा मानूस दिसला."

"कोन?"

"नाव नाई सांगत. तोबी तोंड लपवूनच उभा होता."

"त्यानं पाह्यलं म्हनून गोळ्या सोडल्या? जीव मोठा का लाज मोठी?"

तू बराच वेळ खोकलास. मग म्हणालास, "आपल्या घरी लाजच मोठी होती नं, बाई." त्यावर माझ्याजवळ उत्तर होतं. अजूनही आहे. पण तू डोळे मिटलेस, आणि आजाऱ्याशी किती भांडायचं म्हणून मी उठून गेले.

आणि मग तो दिवस. मी तुला भाताची पेज भरवत होते. बरा होतास जरा, बोलावंसं वाटत होतं तुला. मीच विचारलं, कसं झालं असेल हे, कुठून आलं असेल.

"आधी तर साऱ्याइची एकच सुई होती," तू म्हणालास. "मंग दिलीपभाऊ भेटला. त्यानं समजावलं, तवापासून मी माह्यी सुई कोनाले देत नव्हतो, कोनाची घेत नव्हतो. पन मधात एकदा माह्या सुया गायब झाल्या. कुठी गेल्या, कोनाले मालूम. दिलीपभाऊचंबी येनं बंद झालं होतं. मंग काय, दोन-अडीच महिने संज्याचीच सुई. त्याच्याजवळबी एकच होती. घासून घासून वापरली."

चमचा माझ्या हातात होता. मंगेश, ती वेळ होती. माझं तोंड उघडलंही होतं. तू माझ्याकडे पाहत होतास, आणि मला अजून कळलेलं नाही की त्या पाहण्यात काय होतं. मग तू म्हणालास, "पेज थंडी होऊन राह्यली, बाई."

मी चमचा पुढे केला.

नंतर मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोणत्या दिवशी, कोणत्या सुईनं झालं ते कोणीच सांगू शकत नाही. ते वजनकाट्यामागे बसत होते तेव्हाही झालं असेल. स्वतःला जाळत बसू नका." चांगली बाई आहे. तिचं बोलणं मी एक दिवस धरून ठेवलं. पण आधी झालं असेल असं समजलं, तरी ते महिने माझेच आहेत. ते कोणाच्या नावावर टाकू?

तू सकाळी गेलास. राउंडवरचे डॉक्टर नुकतेच पुढे सरकले होते आणि मी चादर बदलत होते. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवलं, तेवढ्यात.

तेरवीला बाया विचारत होत्या. माय सांगत होती, "कावीळ झाली होती." कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे एटापल्लीच्या जंगलात कोणी काही केलं. माय प्रत्येकीला हाव म्हणत होती. मी पत्रावळींवर वाढत होते. भाताचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्याले एच.आय.व्ही. होता. सुईतून झाला. गोळ्या घेतल्या असत्या तर आज इथी बसला असता."

मायनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. त्या दिवसापासून ती माझ्या हातचं जेवते, पण माझ्याशी बोलत नाही. अंगणवाडीतून दोन बायांनी आपली पोरं काढून नेली, माझ्या हातची खिचडी नको म्हणून. सुपरवायझर मॅडमनी येऊन त्यांना समजावलं. एक परत आली, दुसरी नाही. मी त्यांना काय बोलू? सात वर्षांपूर्वी मी त्यांच्यातच उभी होते.

आठ-दहा दिवसांनी संज्याची माय अंगणवाडीत आली. पोरं गेली होती, मी भांडी आवरत होते. बेबीबाई दारातच उकिडवी बसली.

"माह्या संज्यालेबी खोकला हाय, बाई. दोन महिने झाले. दवाखान्याचं नाव काढलं का उठून जाते." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "तुम्ही तेरवीले जे बोलल्या, ते... तसंच असन काय?"

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते वाईट होतं. त्याच्या सुईनं माझा भाऊ गेला, आता त्यालाही भोगू दे. मी तिच्याकडे पाठ करून उगाच तेच भांडं घासत राहिले. ती हलली नाही. मग मी हात धुतले आणि तिच्यासोबत निघाले.

संज्या अंगणात बाजेवर पडला होता. मला पाहून उठून बसला, पण वर पाहीना. त्याची माय आत गेली तसा हळूच म्हणाला, "मंग्यानं माह्याबद्दल काई सांगतलं होतं काय, बाई?"

"सांगतलं होतं. तुह्यी सुई वापरली म्हने."

मी बाजेच्या कडेला बसले.

"आता माह्यं ऐक, संजय. त्याच्याजवळ नव्या सुया होत्या. मी त्या चुलीत जाळल्या. आन दिलीपभाऊले गावाबाहेर काढाले मीच पोलीस पाटलाले सांगतलं. तुह्याजवळ एकच सुई राह्यली ती माह्यामुळं."

तुझ्या तोंडावर जे मला सात वर्षांत बोलता आलं नाही, ते मी त्याच्या अंगणात भरदुपारी बोलले. कोंबड्या इकडून तिकडे गेल्या. तो म्हणाला, "मले लय भेव वाटते, बाई."

"मलेबी वाटते. शर्ट घाल."

त्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत आला आणि परत फिरला. तिसऱ्या खेपेला माझ्या निरोपावरून दिलीपभाऊ स्कूटी घेऊन आला, बेबीबाई आणि मी बसनं मागून गेलो. तपासणीत जे निघायचं तेच निघालं, एच.आय.व्ही., आणि सोबत टीबीही. पण टीबी अजून सुरुवातीचा आहे, दोन्ही औषधं नेमानं घेतली तर माणूस उभा राहील, असं डॉक्टर म्हणाले. दिलीपभाऊनं मला त्या जुन्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. बाहेर टपरीवर चहा पाजला आणि म्हणाला, "गावात येऊ काय, बाई, बुधवारी?" मी म्हटलं, "या. माह्या अंगणात बसा." आता तो दर बुधवारी येतो. पोलीस पाटलाची बायको भिंतीवरून वाकून पाहते, पण फाट्यावर कोणी उभं राहत नाही.

काल संज्याला एआरटीच्या गोळ्या मिळायच्या होत्या. बेबीबाईला धानाच्या रोवणीला जायचं होतं, म्हणून मी एकटीच त्याच्यासोबत चंद्रपूरला गेले. लाइन लांब होती. त्यानं दुपट्ट्यानं तोंड झाकून घेतलं, फक्त डोळे दिसत होते. मी त्याच्या बाजूला उभी राहिले. दमून तो भिंतीला टेकायला लागला तसं त्याचं कोपर धरलं. केवढं हलकं झालं आहे त्याचं हाड. तेवढ्यात पलीकडच्या खिडकीवरून एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत आली. आपल्या बाजूच्या गावची, बैठकीत भेटते ती अंगणवाडीची मदतनीस.

"अवं बाई, तुम्ही? इथी कोनासंगं आल्या?"

संज्यानं मान पूर्ण खाली घातली. दुपट्टा आणखी ओढला.

"भावासंगं," मी म्हटलं.

राग मानू नको, मंगेश.